बंधाऱ्याचा फोटो नोव्हेंबरात, हिशोब एप्रिलात

काल संध्याकाळी सड्याखालच्या वहाळावरचा आमचा वनराई बंधारा बघून आलो. पाणी नाही. तळात सुकी पानं आणि खेकड्यांची बिळं.

नोव्हेंबरात वाडीने श्रमदान करून बांधला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती, वाळू. फोटो झाले, चहा-पोहे झाले, काम संपलं. गेली तीन वर्षं हेच चाललंय. यंदा मी खुणा केलेला बांबू पाण्यात रोवला आणि दर रविवारी वहीत मांडलं. डिसेंबर लागताना साडेतीन फूट, संक्रांतीला दीड, फेब्रुवारीत तळ. नुसत्या उन्हाने एवढं पाणी जात नाही. खालचा जांभा भेगाळलेला, पाणी तिथून निसटतं. ते खालच्या विहिरीत उतरलं असतं तर सोनंच, पण तीही दरवर्षीसारखीच आटली.

वर दोनशे पावलांवर अखंड कातळ आहे, तिथल्या कोंडीत बंधारा नसताना मार्चपर्यंत पाणी असतं. गुरं राखणाऱ्यांना हे ठाऊक होतं, आम्ही विचारलंच नाही. रस्ता जवळ, गोण्या वाहायला नकोत, म्हणून खालची जागा धरली. ते मत माझंच होतं. त्याच भरवशावर काजूची ६० कलमं लावली, त्यातली १७ गेली.

जलयुक्त शिवार आठवा. २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र म्हणत निघालेली योजना. २०२० च्या सप्टेंबरात कॅगचा अहवाल आला: ९ हजार ६०० कोटींवर खर्च, आणि भूजल वाढण्यावर फारसा परिणाम नाही. राजकारण व्हायचं ते झालं. मला त्यातलं एवढंच घ्यायचंय की कामं किती झाली हे मोजलं जातं, पाणी किती दिवस टिकलं हे गावात कोणी लिहून ठेवत नाही. मग अहवाल खोटा म्हणायला किंवा खरा म्हणायला आपल्या हातात काय?

कृषी खात्यातल्या मित्रांनो, उद्घाटनाला येता तसे एप्रिलातही एकदा या. हार नसेल, कोकम सरबत देऊ.

रविवारी वाडीची बैठक आहे. वही नेतोय. झालेल्या कामात खोड काढतो म्हणतील, म्हणू देत. वरच्या कोंडीपर्यंत गोण्या डोक्यावरून न्याव्या लागतील, त्याला माणसं किती येतात ते आधी विचारणार आहे.