तेथे टिकला नाही!

कोल्हापूर म्हणजे मराठी मुलखातील फुटबॉलचे माहेरघर. तेथील अनिकेत जाधव हा आघाडीचा खेळाडू २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. पुढे इंग्लंडातील ब्लॅकबर्न रोव्हर्स या संघाकडे काही महिने शिकून तो परतला. (या संघाची मालकी पुण्याच्या एका उद्योगसमूहाकडे आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल.)

परतलेल्या अशा मुलांविषयी "तेथे टिकला नाही" असा शेरा मारला जातो. आम्हांस तो अन्यायाचा वाटतो. कलकत्त्याचा महंमद सलीम १९३६ साली स्कॉटलंडात सेल्टिक संघाकडून बुटांविना, पायांस पट्ट्या गुंडाळून खेळला आणि घरच्या ओढीने माघारी आला. सुनील छेत्री २०१० साली अमेरिकेस व २०१२ साली पोर्तुगालास गेला. त्यास तेथे खेळावयास फारच थोडे मिळाले. त्याच छेत्रीचे भारताकडून नव्वदांहून अधिक गोल झाले. यास अपयश कोण म्हणेल?

आमच्या गोरेगावच्या मुलांनी विलायतेस जावे, असे आम्ही म्हणत नाही. सोयाबीनच्या काढणीस घरी त्यांचे हात लागतात, हेही आम्ही जाणतो. परंतु पायाशी चेंडू दिसताच "याने पोट भरेल काय?" असे दरडावणे म्हणजे शुभवर्तमानातील त्या चाकराप्रमाणे धन्याचे द्रव्य मातीत पुरणेच होय. पालकांनी सायंकाळी एक तास मुलांस मैदानावर राहू द्यावे. घरी उशीर झाल्यास दोष खुशाल आम्हांस द्यावा.