परदेसी कोणी केला?

अल्ताफ राजांचे नाव काढले की आपल्यातले साहित्यिक हसतात. 'ऑटोवाल्यांचा गायक' म्हणून विषय संपवतात. या हसण्याचा हिशेब मागण्याची वेळ आली आहे.

अल्ताफ राजा नागपूरचे. आई राणी रूपलता आणि वडील इब्राहिम इक्बाल, दोघेही कव्वाल. १९९७ साली व्हीनसने 'तुम तो ठहरे परदेसी' हा अल्बम काढला आणि सिंदी मेघेच्या पानठेल्यापासून हायवेवरच्या ट्रकपर्यंत हाच आवाज घुमू लागला. पुढे कॅसेटचा जमाना सरला आणि बाजाराने नवे चेहरे शोधले. २०१३ मध्ये 'घनचक्कर'साठी त्यांना 'झोलू राम' गायला बोलावले गेले, तेही बहुधा जुन्या दिवसांची गंमत म्हणूनच.

बाजाराची रीतच ही. १९५८ च्या 'अल हिलाल'मधील 'हमें तो लूट लिया' या कव्वालीने इस्माईल आझादांनाही असेच घरोघर नेले होते. आज गाणे पुष्कळांना पाठ आहे. गायकाचे नाव विचारून पाहा! म्हणून बाजारावर रागावण्यात अर्थ नाही. बाजाराने सोडलेल्या कलावंताला आपण कुठे ठेवले, हा खरा प्रश्न आहे.

गाणे लांबण लावणारे, सवंग, असा आक्षेप घेतला जातो. मुखडा फिरून फिरून आणायचा, मध्ये शेर टाकायचा, त्याला गिरह बांधायची, समोरची दाद पाहून पुढचा शेर निवडायचा, ही तर कव्वालीची रीत आहे. त्या गाण्यात महिन्यांची नावे ओवत प्रेमाची कहाणी सांगितली आहे. बारामासा ही लोकपरंपरा ज्याला ठाऊक आहे, त्याला यात सवंगपणा दिसणार नाही. गिरडच्या बाबा फरीदांचा उरूस असो की नागपुरातल्या ताजबागचा, तिथे रात्रभर बसणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे असतात. विदर्भातली कव्वाली त्यांच्याच दादेवर वाढली.

तरीही विदर्भाच्या लोककला मोजताना आमचे मराठी अभ्यासक खडी गंमत सांगतात, दंडार सांगतात आणि थांबतात. कव्वाल हिंदुस्थानीत गातो, म्हणून तो मराठी मातीचा नाही! मुशायऱ्यातल्या उर्दूवाल्यांना तो बाजारू वाटतो. धर्माचे ठेकेदार तर गाणेच नाजायज ठरवून मोकळे होतात. मग या माणसाला बाजाराशिवाय घर उरले कोणते?

बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि ते योग्यच आहे. पण मराठीत गायिला तोच आपला, अशी अट आपणही घालणार असू, तर १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरवून आपण मिळवले काय? आम्ही या मातीतले आहोत हे इतरांना पटवायचे आणि आपल्याच मोहल्ल्यातल्या कव्वालाला मात्र परका मानायचे, हा दुटप्पीपणा झाला.

उरुसांची जुनी पत्रके, घरोघरच्या पेट्यांत पडलेल्या कॅसेटी, हार्मोनियम-ढोलकवाल्यांच्या आठवणी यांची नोंद आता आपणच केली पाहिजे. विद्यापीठे करतील म्हणून वाट पाहू नये. कॅसेटची फीत बुरशी धरते आणि माणसेही फार दिवस थांबत नाहीत.