आडवाट हृदयातली, आडकाठी व्यवस्थेतली

एखाद्या धडधाकट तरुणाच्या छातीत एकाएकी धडधड सुरू होते. नाडी मिनिटाला १८० च्या घरात जाते, जीव कासावीस होतो आणि काही वेळाने सारे आपोआप शांत होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी पूर्ववत झालेली असल्याने ‘मनाची भीती’ असा शेरा मारून रुग्णाची बोळवण होते. स्त्रियांच्या वाट्याला तर हा शेरा अधिकच येतो.

वस्तुतः कारण मनात नसून हृदयाच्या घडणीत असू शकते. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विद्युतसंदेश जाण्यास निसर्गाने एकच मार्ग ठेवला आहे. काहींच्या हृदयात जन्मतःच आणखी एक आडवाट असते. संदेश एका वाटेने उतरतो, दुसरीने परततो आणि हे चक्र फिरत राहते. क्वचित प्रसंगी ते प्राणावरही बेतते.

वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट यांनी १९३० साली या विकाराचे वर्णन केले. १९६८ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. विल सीली यांनी शस्त्रक्रिया करून एका कोळ्याच्या हृदयातील अशी वाट छेदली. आज त्यासाठी छाती उघडावी लागत नाही. जांघेतील शिरेतून कॅथेटर हृदयात नेऊन आडवाटेची नेमकी जागा शोधतात आणि तेवढाच भाग रेडिओलहरींच्या उष्णतेने निकामी करतात. शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण यातून बरे होतात. मात्र आडवाट मूळ मार्गाला खेटून असल्यास त्यालाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागण्याचा धोका असतो.

उपचार महाग आहे, हा आक्षेप खरा, पण अपुरा आहे. गोळ्या धडधड आवरतात, आडवाट बुजवीत नाहीत. वर्षानुवर्षांची औषधे, बुडालेली मजुरी, हुकलेली परीक्षा यांची बेरीज एकदाच होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिली पाहिजे.

अशी सुसज्ज प्रयोगशाळा तालुक्यागणिक उभारता येणार नाही; तशी गरजही नाही. गरज आहे ती ईसीजीची. पुष्कळदा आडवाटेची खूण नाडी शांत असतानाही त्यात उमटते; जेथे ती लपलेली असते, तेथे धडधड चालू असतानाचा आलेखच निर्णायक ठरतो. म्हणून अशा रुग्णाचा ईसीजी प्राथमिक आरोग्य केंद्रातच, रांगेत न थांबवता, काढला जावा आणि तो कागद त्याच्या हाती द्यावा. आडवाट शोधण्याची विद्या हाती आली आहे. रुग्णाला तिच्यापर्यंत नेणारी सरळ वाट बांधणे हे शासनाचे कर्तव्य होय.