पडद्यापलीकडचे सोबती

संगणकावरील खेळांनी मुले एकलकोंडी होतात, असा निर्वाळा आपण सहज देतो. नॉर्वेच्या मात्स स्टीनच्या आईवडिलांनाही तीच खंत होती. स्नायू क्षीण करणाऱ्या असाध्य व्याधीने मात्स चाकांच्या खुर्चीला खिळला. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात मात्र 'इबेलिन' होऊन वर्षानुवर्षे वावरला. २०१४ साली, अवघ्या २५व्या वर्षी तो निवर्तला आणि देशोदेशीच्या सवंगड्यांची सांत्वनपत्रे घरी येऊ लागली. नेदरलँड्समधील एका मैत्रिणीचा संगणक पालकांनी काढून घेतला, तेव्हा तिची बाजू मांडणारे पत्र त्याने त्यांना लिहिले होते! व्यसनाची भीती खरीच. पण तास मोजणारे आपण 'कोणाशी खेळतोस?' एवढे तरी विचारतो का? मात्सच्या अंत्यविधीला त्याला कधीही प्रत्यक्ष न भेटलेले मित्र परदेशांतून आले होते.