अनामत कोणी बुडविली?

2030 पर्यंत आपली किमान 25 टक्के पेये पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकू, असे कोका-कोला कंपनीने 2022 साली जाहीर केले होते. डिसेंबर 2024 मध्ये हे उद्दिष्ट गुंडाळण्यात आले. प्रश्न केवळ वचनभंगाचा नव्हे, हिशेबाचा आहे. काचेची बाटली ही कंपनीची मालमत्ता होती. अनामतीपोटी ती परत येई, धुतली जाई, पुन्हा भरली जाई. धुण्याचा, वाहतुकीचा, फुटतुटीचा खर्च कंपनीच्या वहीत पडे. पेट बाटलीने तो वहीबाहेर, म्हणजे नगरपालिकेच्या कचरागाडीवर आणि कचरावेचक बाईच्या पाठीवर लोटला. अर्थशास्त्र यास ‘बाह्य खर्च’ म्हणते; साध्या मराठीत ही फुकटेगिरी होय!

जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, 1977 साली देशाबाहेर गेलेली ही कंपनी 1993 मध्ये परतली. त्याच वर्षी पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. योगायोगच, पण बोलका.

काच जड, तिला इंधन अधिक लागते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु तो लांबच्या वाहतुकीचा आहे. बाटल्या जिल्ह्यातच भरा. महाराष्ट्राच्या 2018 च्या प्लास्टिकबंदीत पेट बाटल्यांच्या परत-खरेदीची तरतूद होती. आपणांपैकी कितीजणांना दुकानदाराने रुपया परत दिला? जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या बाटलीवर अनामत सक्तीची आहे, आणि तेथील शीतपेयांचा धंदा काही बुडाला नाही. तीच सक्ती येथे हवी. आणि परताव्याची केंद्रे ठेकेदारांना नव्हे, कचरावेचकांच्या सहकारी संस्थांना मिळाली पाहिजेत.