पाळण्याशेजारचं पोर

बारशाला पाळण्याभोवती बायकांची गर्दी असते, घुगऱ्या वाटल्या जात असतात, आणि पाळण्याची दोरी धरायला धडपडणाऱ्या चार वर्षांच्या पोरीचा गालगुच्चा घेत कुणीतरी मावशी म्हणते, "आता तुला कोण विचारतंय? तुझा भाव उतरला!" सगळे हसतात. पोरीचा चेहरा रडवेला झाला की आणखी हसतात. रात्री तिनं बाळाला चिमटा काढला, की मात्र ती दुष्ट ठरते आणि पाठीत धपाटा बसतो. दिवसभर भीती पेरायची आणि ती उगवली की पोराला बडवायचं, असले आपले संस्कार!

त्याहून वाईट प्रश्न तर आधीच विचारून झालेला असतो. "भाऊच हवा ना गं तुला?" उत्तर पढवलेलं असतं. घरात आणखी एक मुलगी नको, हे आपण मुलीच्याच तोंडून वदवून घेतो. 2011 साली साताऱ्यात 'नकुशी', म्हणजे नकोशी, अशा नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. नावं बदलली, विचारणारी तोंडं तीच राहिली.

थोरल्या पोराची ही भीती समजून घेणारी पुस्तकं आहेत. एझ्रा जॅक कीट्स यांचं 'पीटर्स चेअर' हे अमेरिकी चित्रपुस्तक 1967 सालचं. पीटरचा पाळणा, त्याची जेवायची उंच खुर्ची, सगळं धाकट्या बहिणीसाठी गुलाबी रंगवलं जातं. रंग न लागलेली आपली छोटी निळी खुर्ची उचलून, कुत्र्याला घेऊन तो घराबाहेर पडतो. बसायला जातो तर खुर्चीत मावतच नाही! तू मोठा झालास हे त्याला ती खुर्चीच सांगते. शेवटी वडिलांबरोबर तोच ती रंगवायला बसतो.

मुलांच्या नजरेतून घर दाखवणारी पुस्तकं मराठीतही आहेत. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' घ्या. पण बारशाच्या मांडवावर हजारो उधळणारा माणूस पुस्तकाची किंमत पाहून म्हणतो, "यात लिहिलंय काय? नुसती चित्रंच तर आहेत!"

बरं, पुस्तक आणलं तरी ते वाचून कोण दाखवणार? आई बाळंतिणीच्या खोलीत. म्हणजे हे काम बापाचं, आणि तेही आईला सातवा महिना लागल्यापासूनच. चित्रावर बोट ठेवून "हा का चिडला असेल?" एवढं विचारायचं आणि पोरगी "बाळाला परत देऊन या" म्हणाली, तरी न रागावता ऐकून घ्यायचं. त्याला वेळ नसतो म्हणे. पेढ्यांचे पुडे घेऊन गावभर हिंडायला मात्र रजा मिळते.