एक टीव्ही, दोन बॉक्स



गेल्या रब्बीत एका गावी हरभऱ्यावरील मर रोग पाहायला गेलो. निम्मे रान वाळलेले. "पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला होता का?" मी विचारले. "नाही साहेब. टीव्हीवर सांगणार होते म्हणे, पण तेव्हा घरात मालिका चालू होती." आतून वहिनी म्हणाल्या, "दिवसभर राबल्यावर आम्ही अर्धा तास बसायचंच नाही का?" दोघांचेही खरे होते.

यावर उपाय आहे. केबलचा बॉक्स राहू द्या, शेजारी दूरदर्शनच्या फ्री डिशचा बॉक्स जोडा. ही सेवा २००४ पासून आहे. छत्री व बॉक्स यांचा खर्च एकदाच, मासिक भाडे नाही. सह्याद्री वाहिनी आणि २०१५ साली सुरू झालेली डीडी किसान, दोन्ही तिच्यावर दिसतात. आपल्याकडे छत्रीचे तोंड आग्नेयेला येते. त्या बाजूला झाडाची फांदी आड येऊ देऊ नका.

छत्रीची वायर केबलच्या बॉक्सला, किंवा केबलची वायर या बॉक्सला चालत नाही. प्रत्येक बॉक्स टीव्हीच्या वेगळ्या खाचेत जोडा. रिमोटवरील 'सोर्स'चे बटण दाबले की एकावरून दुसऱ्यावर जाता येते.

आता मुख्य गोष्ट. यूएसबीची खाच आणि रेकॉर्डिंगची सोय असलेलाच बॉक्स घ्या. दुकानात चालवून पाहा. खाचेत पेन ड्राइव्ह घालून शेतीचा कार्यक्रम लावा, रेकॉर्डचे बटण दाबा आणि टीव्ही केबलवर वळवा. मालिका चालू राहते, कार्यक्रम पेन ड्राइव्हवर उतरतो. मात्र मधे त्या बॉक्सचे चॅनेल बदलू नका आणि त्याचे बटण भिंतीवरून बंद करू नका. वीज गेली की रेकॉर्डिंग थांबते. जोराच्या पावसातही चित्र तुटते. विजांचे वातावरण दिसले तर मात्र विजा कडाडू लागण्याआधीच प्लग व छत्रीची वायर काढून ठेवा; कडाडू लागल्यावर त्यांना हात लावू नका. कार्यक्रमापेक्षा जीव मोलाचा.

रेकॉर्डिंगचा आणखी एक फायदा. औषधाचे प्रमाण ऐकताना चुकले, तर मागे नेऊन पुन्हा ऐकता येते व वहीत टिपता येते. शंका राहिली तर सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

त्या घरी यंदा दुसरा बॉक्स आला आहे. रेकॉर्ड केलेला कार्यक्रम जेवणानंतर नवरा-बायको मिळून पाहतात. पेरणीआधी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळला, तो वहिनींनीच!